खोटं नाचणारे आणि खोटं बघणारे

डिसेंबर लागला की कुर्डुवाडी, माढा, करमाळा, बार्शी, सगळीकडे शाळा-कॉलेजांच्या गॅदरिंगचे मांडव पडतात. आता प्रत्येक मांडवात एक तरी 'कंटेम्पररी' असतोच. स्टेजवर धूर सोडतात. अंगात फाटका बनियन, तोंडाला काजळी. पोरगा गुडघ्यांवर आपटतो, छाती पिटतो, आभाळाकडे हात करतो आणि शेवटी निपचित पडतो. विषय शेतकऱ्याची आत्महत्या. गाणं सिनेमाचं आणि पडण्याची तऱ्हा टीव्हीवरच्या स्पर्धेतली. पहिल्या रांगेतले पाहुणे डोळे पुसतात आणि बक्षीस जाहीर होतं.

हा नाच खोटा आहे. पोरानं घाम गाळलाय, त्याला बोल लावायचा नाही. खोटेपणा त्याला हे शिकवणाऱ्यांचा आणि त्यावर डोळे पुसणाऱ्यांचा आहे.

त्याच पोराचा बाप रात्री दोनला लाईट येते म्हणून बॅटरी घेऊन शेतावर जातो. अंधारात बांधावर पाय कसा टाकायचा, पाणी वळवताना फावडं कसं धरायचं, हे त्या पोराच्या अंगात मुरलेलं असतं. तोडणीवाला कंबरेत वाकून उसाच्या बुडात कोयता कसा घालतो, तोडणीवाली बाई डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रॉलीत कशी चढते, हे त्यानं कळायला लागल्यापासून पाहिलंय. हे सगळं बाजूला सारून आपण त्याला स्टुडिओत बसवलेलं पडणं शिकवतो. स्वतःच्या घरातलं दुःख त्याला परक्याच्या हातापायांनी सांगायला लावतो आणि त्याला आधुनिक नाच म्हणतो.

आधुनिक नाच म्हणजे काय, हे एका बाईनं १९५२ साली दाखवून दिलं होतं. तिचा जन्म महाराष्ट्रातलाच, वाड्याचा, १९२८ सालचा. चंद्रलेखा तिचं नाव. मद्रासला जाऊन एलप्पा पिळ्ळै यांच्याकडे ती भरतनाट्यम शिकली. तिचं अरंगेत्रम, म्हणजे रंगमंचावरचं पदार्पण, रायलसीमेच्या दुष्काळग्रस्तांच्या मदतीसाठी ठेवलं होतं. त्यात एक रचना यमुनेची होती. भरलेली नदी, पाण्यात खेळणाऱ्या गवळणी, अंगावर उडणारे तुषार. ती पाणी नाचत होती आणि नाचता नाचता तिच्या डोळ्यांपुढे आली ती रायलसीमेतली भेगाळलेली जमीन. ज्यांच्या घशाला कोरड पडलीय त्यांच्या नावानं पैसे गोळा करायचे आणि स्टेजवर पाण्याचा सुकाळ करायचा! तिचे हात क्षणभर थबकले. तो प्रसंग तिनं पुढे अनेकदा सांगितला, कारण तिच्या सगळ्या कलेचं मूळ त्यात होतं.

त्या दिवशी तिच्या नाचात कुठलीही चूक नव्हती. मुद्रा बरोबर, ताल बरोबर, गुरूंनी शिकवलं तसंच सगळं चाललं होतं. आणि तरीही ते खोटं होतं. माझं शरीर आत्ता, इथं, या माणसांसमोर जे सांगतंय ते खरं आहे का? हा प्रश्न ज्या नाचात विचारला जातो तो आजचा नाच. धूर, फाटके कपडे आणि कोलांट्या यांचा त्याच्याशी संबंध नाही.

चंद्रलेखा पुढे बरीच वर्षं रंगमंचापासून लांब राहिली. तिनं लेखन केलं, पोस्टरं केली, स्त्रियांच्या चळवळीत काम केलं. १९८४ साली मुंबईत एनसीपीएमध्ये पूर्व-पश्चिमेच्या नर्तकांचा मेळावा भरला, तिथं ती पुन्हा उभी राहिली आणि १९८५ साली 'अंगिका' आली. त्यात भरतनाट्यमच्या जोडीला केरळची कळरिपयट्टू ही युद्धकला होती, योग होता, आणि देवदेवतांच्या गोष्टी बाजूला ठेवलेल्या होत्या. पुढे तिनं भास्कराचार्यांच्या 'लीलावती'तलं गणितही नाचून दाखवलं. २००६ साली ती गेली. महाराष्ट्रात जन्मलेल्या या बाईचं नाव आपल्या गॅदरिंगच्या सूत्रसंचालनात कधी ऐकू येत नाही.

तिला पडलेला प्रश्न माढा तालुक्यातल्या माणसाला समजावून सांगावा लागत नाही. एका शिवारात उजनी धरणाच्या पाण्यावर ऊस हिरवागार उभा आणि दुसऱ्या शिवारात उन्हाळ्यात टँकरची वाट, हे आपण एकाच तालुक्यात बघतो. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडलेली माणसं अजून आपल्यात आहेत. त्यांचे तळहात उघडून बघा. चंद्रलेखेनं मद्रासच्या रंगमंचावर जी भेगाळलेली जमीन पाहिली ती आपल्या पायाखाली आहे. तरीही आपल्या पोरांना नाचायला मिळतात ते पडद्यावरचे पावसाळे.

नाचाच्या जगात एक वाक्य फार मिरवलं जातं, शरीर खोटं बोलत नाही. ते अमेरिकेच्या मार्था ग्रॅहॅमच्या नावावर चालतं. तिचे वडील मानसिक आजारांवर उपचार करणारे डॉक्टर. लहानपणी ती खोटं बोलली तेव्हा तिच्या अंगाच्या ठेवणीवरून त्यांनी ते ओळखलं आणि हालचाल खोटं बोलत नाही असं तिला सांगितलं, ही तिनंच सांगितलेली आठवण. वाक्य छान आहे. पण अर्धंच खरं आहे, आणि त्यावर विसंबून आपण फार फसतो.

खरी असलेली अर्धी बाजू आधी. स्वीडनमधल्या उप्सालाला गुन्नार योहानसन या मानसशास्त्रज्ञानं १९७३ साली माणसांच्या सांध्यांवर दिवे लावले, बाकी सगळा अंधार केला. बघणाऱ्याला फक्त हलणारे ठिपके दिसत होते. क्षणात लोक ओळखत, हा माणूस चालतोय. मग १९८३ साली रुनेसन आणि फ्रिकहोल्म यांनी त्याच पद्धतीनं माणसांना खोकी उचलायला लावली आणि काहींना सांगितलं, खोकं आहे त्यापेक्षा जड असल्याचं सोंग करा. ठिपक्यांवरूनही बघणाऱ्यांना सोंग कळलं. वजन किती भासवलंय आणि खरं किती आहे, दोन्ही दिसत होतं. कुर्डुवाडीच्या मार्केट यार्डातल्या हमालाला यात नवल वाटणार नाही. ज्वारीचं कट्टं पाठीवर घेणाऱ्याची मान, गुडघा, टाच बघून तो सांगेल, पोत्यात माल भरलाय की भुस्सा. भार खोटा असेल तर अंग चुगली करतं.

आता दुसरी बाजू. माणूस बोलताना खोटं बोलतोय का, हे नुसतं बघून ओळखायचं म्हटलं तर आपण सपशेल कच्चे आहोत. बाँड आणि डीपॉलो यांनी २००६ साली जुन्या शेकडो प्रयोगांचा एकत्र हिशेब मांडला. सरासरी निघाली १०० पैकी ५४. नाणं उडवून सांगितलं असतं तरी ५० आले असते! म्हणजे श्रमाचं सोंग आपल्याला दिसतं, पण दुःखाचं, प्रेमाचं, देशभक्तीचं सोंग दिसत नाही. म्हणूनच धुरात छाती पिटणारा पोरगा आपल्याला रडवतो आणि पाचशे रुपयांचं बक्षीस देऊन, सत्कार घेऊन पाहुणे जेवायला जातात.

ज्या नाचाला दोन्ही बाजू पक्क्या ठाऊक आहेत तो नाच आपल्या दाराशी आहे. कुर्डुवाडीहून पंढरपूरच्या गाडीत बसलात की वाटेत मोडनिंब लागतं. मोडनिंबची लावणी कला केंद्रं सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहेत. तिथल्या बैठकीच्या लावणीत अदा करणारी बाई जागेवरून फारशी हलत नाही. एकच ओळ ती पुन्हा पुन्हा गाते आणि दर खेपेला नवा अर्थ काढते. शब्द सांगतात, निघा आता. भुवई सांगते, बसा. पदर सांगतो, आलात कशाला, आणि हाताचं एक बोट सांगतं, उशीर केलात. एका ओळीत चार बायका बोलतात आणि त्यातली खरी कोणती, हे बघणाऱ्यानं ओळखायचं. खरं-खोटं यांचा इतका बारीक खेळ करणारा नाच शोधायला युरोपात जायची गरज नाही. वाईच्या यमुनाबाई वाईकरांनी तो आयुष्यभर जपला आणि २०१२ साली त्यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा त्यांनी नव्वदी ओलांडली होती.

या कलेला खोटं पाडतो तो आपला व्यवहार. रात्री कला केंद्रावर जायचं, दौलतजादा करायची, वन्स मोअर घ्यायचा आणि सकाळी कुणी विचारलं तर सोलापूरला कामाला गेलो होतो म्हणायचं. स्टेजवरच्या बाईचं लटकं रुसणं हा कलेचा भाग आहे, ते तिनं वर्षानुवर्षांच्या रियाजानं कमावलंय. आपलं सकाळचं खोटं मात्र कोडगेपणानं कमावलेलं आहे. गावात तिच्या पोरीला शाळेत कुणी टोमणा मारला तर हेच रसिक मान खाली घालून निघून जातात.

तमाशातल्या विठाबाई नारायणगावकरांची गोष्ट तर आपण अभिमानानं सांगतो. त्या आपल्या सोलापूर जिल्ह्यातल्या, जन्म पंढरपूरचा, १९३५ चा. नऊ महिने भरलेले असताना त्या फडावर उभ्या होत्या, कळा सुरू झाल्या, मागं राहुटीत जाऊन बाळंत झाल्या, दगडानं नाळ तोडली आणि पुन्हा नाचायला बाहेर आल्या, अशी ती सांगितली जाते. ऐकणारा म्हणतो, काय ही कलेवरची निष्ठा! मला त्या गोष्टीत आधी पुढं बसलेला जमाव दिसतो. तिकीट काढलंय, बाई कुठं गेली, असं ओरडणारा. बाई बाहेर आल्यावर तिची अवस्था बघून त्यांनी हात जोडले म्हणतात. जोडले असतील. पण बाळंतीण बाई फडावर परत आली ती पोटासाठी, फडातल्या माणसांच्या चुलीसाठी. तिच्या लाचारीला आपण निष्ठा हे नाव दिलं, म्हणजे आपल्याला झोप लागते. १९५७ आणि १९९० साली राष्ट्रपतींच्या हस्ते गौरवल्या गेलेल्या या बाईंचा शेवट २००२ साली पैशांच्या ओढाताणीत झाला. आज सरकारचा जीवनगौरव पुरस्कार त्यांच्या नावानं दिला जातो. नाव मोठं करणं सोपं असतं. माणूस जिवंत असताना दवाखान्याचं बिल भरणं तेवढं अवघड असतं.

खरं सांगितल्यावर काय होतं, तेही आपल्या शेजारच्या तालुक्यानं दाखवलंय. करमाळा तालुक्यातल्या नेरल्याचे डॉ. किशोर शांताबाई काळे. आई तमाशात नाचणारी. मुलगा मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकून डॉक्टर झाला आणि १९९४ साली 'कोल्हाट्याचं पोर' हे आत्मचरित्र लिहून मोकळा झाला. आपल्या नावात बापाच्या जागी त्यानं आईचं नाव लावलं. बैठकीत बसून वाहवा करणारे पुरुष बाप म्हणून कुठल्याच कागदावर सापडत नाहीत, ही गोष्ट त्या एका नावानं चव्हाट्यावर आणली. २००७ साली अपघातात हा माणूस अकाली गेला. स्टेजवर जे अदांनी झाकलं जातं ते त्यानं कागदावर उघडं केलं, आणि त्या दोन्ही गोष्टी एकाच घरातून आल्या.

अलीकडे हे उघडं करण्याचं काम स्टेजवरही झालंय. भूषण कोरगावकर यांनी 'संगीत बारी' हे पुस्तक लिहिलं आणि सावित्री मेधातुल यांच्या साथीनं त्याच नावाचा प्रयोग उभा केला. त्यात शकुंतलाबाई नगरकरांसारख्या मुरलेल्या कलावंत अदा करतात आणि मधल्या जागेत त्यांच्या आयुष्याची, बारीच्या, म्हणजे कला केंद्रावरच्या लावणीच्या, रीतिरिवाजाची गोष्ट सांगितली जाते. लावणी तीच, ढोलकी तीच. फरक असा, की समोर बायका बसलेल्या असतात, आया-मुली बसलेल्या असतात आणि हसण्याच्या जागी सगळे मोकळेपणानं हसतात. हा खरा कंटेम्पररी. त्याला धुराचं यंत्र लागलं नाही.

नाचातून सत्तेचं खोटं पकडायचं असेल तर त्यालाही जुना दाखला आहे. कुर्ट योस या जर्मन नृत्यरचनाकारानं १९३२ साली 'द ग्रीन टेबल' बसवलं आणि पॅरिसच्या स्पर्धेत पहिलं बक्षीस मिळवलं. हिरव्या कापडाच्या टेबलाभोवती मुखवटे घातलेले सभ्य गृहस्थ. एकमेकांना वाकून नमस्कार, बोटं उगारणं, पुन्हा नमस्कार, शेवटी पिस्तुलाचा बार. मग युद्ध. सैनिक मरतो, म्हातारी मरते, मुलगी लुटली जाते, आणि सरतेशेवटी तेच गृहस्थ त्याच टेबलाभोवती, काही घडलंच नाही असे. पुढच्याच वर्षी नाझींनी त्याला ज्यू सहकाऱ्यांना काढायला सांगितलं. त्यानं नकार दिला आणि देश सोडला. त्या टेबलाभोवतीच्या प्रसंगातले नमस्कार आणि उगारलेली बोटं आपल्याला अनोळखी नाहीत. आपल्या कुठल्याही सर्वसाधारण सभेत, पाणीवाटपाच्या बैठकीत, निवडणुकीच्या प्रचारात बघा, मान कशी डोलते, हात कसा खांद्यावर पडतो, फोटो निघाला की तो हात कसा खाली येतो. कॉलेजातल्या पोरांना हे सगळं पाठ आहे. त्यांना ते नाचायची परवानगी द्यायला हवी, एवढंच.

आणि ज्याला नाच खरा कसा असतो हे बघायचं असेल त्यानं आषाढीच्या दिवसांत पंढरपूरच्या वाटेवर थांबावं. पावली खेळणारे, फुगडी घालणारे वारकरी कुणासाठी नाचत नाहीत. साठीची बाई पंचविशीच्या पोरीचे हात धरून गरगर फिरते, धाप लागते, हसते, पुन्हा रांगेत शिरते. तिला कुणी मार्क देत नाही. तिथं बघ्यांना फारशी जागाच नसते, म्हणून खोट्यालाही नसते. वारीच्या काळात कुर्डुवाडी स्टेशनावरून हजारो वारकरी जातात. इतका मोठा नाच गावातून जातो आणि गॅदरिंगला मात्र वारी म्हणून आपण प्लॅस्टिकच्या टाळांचं गाणं लावतो!

कुर्डुवाडीला सांगण्यासारखं काय कमी आहे? १८९७ साली इथून बार्शीला अडीच फुटी रुळांवरची बार्शी लाईट रेल्वे सुरू झाली, तेव्हा या स्टेशनाचं नावच बार्शी रोड होतं. तीच लाईन पुढे पंढरपूर, लातूर, मिरजेपर्यंत गेली. रेल्वेच्या कारखान्यात पिढ्या राबल्या. हातोडा, पाना, रुळावरून चालतानाची सावध पावलं, भोंगा झाल्यावर सायकलींची लगबग, सेवानिवृत्तीच्या दिवशी हारानं वाकलेली मान. गावानं शंभर वर्षांत कमावलेल्या या हालचाली आहेत. त्या कुणी अजून नाचलेल्या नाहीत.

म्हणून शाळा-कॉलेजांच्या शिक्षकांना माझं सांगणं आहे. यंदाच्या गॅदरिंगला एक तरी नाच असा बसवा, की त्यातली प्रत्येक हालचाल पोरांनी आपल्या घरातून, शेतातून, कारखान्यातून, बाजारातून आणलेली असेल. सिनेमाचं गाणं नको. हलगी चालेल, जात्याची घरघर चालेल, नुसती शांतता चालेल. आजीला विचारून या, खडी फोडताना हात कुठं दुखायचा. बापाला विचारून या, रात्री मोटर चालू करायला जाताना भीती कुठल्या वळणावर वाटते. दहा मिनिटं पुरेत. पोरांना काय येतं ते तेव्हा कळेल.

परीक्षक म्हणून मोडनिंबच्या एखाद्या जाणत्या कलावंत बाईंना बोलवा. दिवसाढवळ्या बोलवा, पत्रिकेत नाव छापा, मानधन पाकिटात घालून हातात द्या, आणि मुलींना त्यांच्याकडून एका ओळीच्या चार अदा शिकू द्या. सोंग कुठं संपतं आणि खरं कुठं सुरू होतं हे शिकवणारी त्यांच्याइतकी तयारीची गुरू या तालुक्यात दुसरी नाही. एखाद्या पालकानं नाक मुरडलं तर त्याला तिथंच विचारा, हरकत कशाला आहे, लावणीला की ती करणारी बाई दिवसा समोर दिसण्याला?

आणि तुम्ही, बघणारे. पुढच्या वेळी पोरगा धुरात आपटेल तेव्हा टाळी वाजवण्याआधी स्वतःला विचारा, हे हात कुणाचे आहेत? त्याचे असतील तर उभं राहून टाळ्या वाजवा. परक्याचे असतील तर बक्षीस हातात राहू द्या आणि कार्यक्रमानंतर त्याला जवळ बोलावून सांगा, तुझ्या बापाचं चालणं दाखव. नर्तकाला खोटं शिकवतो तो प्रेक्षकच. आपण खऱ्यावर टाळी द्यायला लागलो, तर खरं नाचणारी पोरं या गावात भरपूर आहेत.